कपाट घेताना कड पाहा

जुन्या बायका कागदाच्या टोपल्या करीत, त्या तुम्ही पाहिल्या असतील. रद्दी कागद भिजवायचा. त्यात मेथीची पूड घालून कुटायचा. तो लगदा पालथ्या भांड्यावर थापायचा. वाळला की टोपली तयार. तीत डाळ-दाणा खुशाल ठेवावा. पण पाणी लागले की टोपली गेली!

आज बाजारात एमडीएफची फळी मिळते. तीही याच जातीची. कारखान्यात लाकडाचे तुकडे वाफवतात व दळून त्यांचे कापसासारखे तंतू करतात. त्यांत चिकट रसायन मिसळतात आणि तापलेल्या यंत्रात दाबतात. वर रंगीत कागद किंवा सनमायका लावला, की फळी सागवानासारखी दिसते.

आता माझीच गोष्ट ऐका. २०२२ च्या उन्हाळ्यात मी आमच्या अनसिंगच्या घरी एक कपाट आणले. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, लाकडीच आहे.” मी वरची चकाकी पाहिली आणि पैसे मोजले. कपाट भिंतीला टेकवून ठेवले. पाऊस सुरू झाला. भिंतीला ओल आली. पोळ्यापर्यंत कपाटाची खालची कड भाकरीसारखी फुगली. बिजागरीचे स्क्रू निसटले. दार हातात आले! पावती काढून पाहिली. तीवर एवढेच होते : ‘कपाट, नग १’. आता भांडावे तरी कशाच्या जोरावर?

मग एमडीएफ वाईट का? नाही. ती सागवानापेक्षा स्वस्त असते. तिला गाठी नसतात. रंग छान बसतो. कोरड्या खोलीत पुस्तकांची मांडणी किंवा कपाट करायला ती चांगली. मोरीजवळ, ओल्या भिंतीला किंवा बाहेरच्या दाराला मात्र साधी एमडीएफ वापरू नये.

लक्षात ठेवा :

१. कपाटाची मागची, खालची उघडी कड पाहा. लाकडाला शिरा असतात. प्लायवूडला थर दिसतात. एमडीएफ दाबलेल्या भुशासारखी एकजीव दिसते.

२. फळी घेताना शिक्का वाचा. साध्या एमडीएफचा भारतीय मानक क्रमांक आयएस १२४०६ आहे.

३. सर्व कडा पट्टी लावून बंद करून घ्या. खाली पाय लावा. भिंतीपासून चार बोटे जागा सोडा.

४. स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडावे. नाहीतर कड फाटते.

५. कापताना नाकातोंडाला मास्क लावा. काम अंगणात करा. बारीक भुसा छातीत जातो. चिकट रसायनात बहुधा फॉर्माल्डिहाइड असते. त्याने कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये ठरवले. म्हणून नवे कपाट आणले, की काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

६. पावतीवर ‘एमडीएफ’, ‘प्लायवूड’ की ‘सागवान’ हे लिहूनच घ्या. फसवणूक झाली, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मी शिकलेला, तरी फसलो. कारण पावती वाचली नाही. तुम्हाला आता वाचता येते. आधी पावती वाचा, मग पैसे मोजा.

प्रश्न : तुमच्या घरातील एका कपाटाची कड पाहा. ते कशाचे आहे? वहीत लिहा.