धंद्यातला वाईट दिवस कसा काढायचा? ४,८०० किलोमीटरच्या सायकल मोहिमेतून पाच धडे

मागच्या व्हिडिओत आपण रोजचा ब्रेक-इव्हन कसा काढायचा ते पाहिलं. आज त्याच्या पुढची पायरी. ज्या दिवशी गल्ला भरतच नाही, त्या दिवशी नेमकं काय करायचं?

रविवारी सकाळी चांदणी चौकातून पिरंगुटकडे येणारे सायकलवाले तुम्ही पाहिले असतील. घाट चढताना त्यांचा चेहरा बघा. पाय चालू असतात, पण स्पीड पडलेला असतो. धंद्यातला वाईट दिवस अगदी असाच असतो. म्हणून आजचं उदाहरण सायकलचं घेतलंय, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रातलं.

नाशिकचे दोन डॉक्टर भाऊ, हितेंद्र महाजन आणि महेंद्र महाजन. २०१५ मध्ये या दोघांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. ही स्पर्धा पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरिलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर. टीमचं नाव होतं 'व्हिजन फॉर ट्रायबल्स', कारण ही मोहीम आदिवासी भागातल्या कामासाठी होती. वेळ लागला ८ दिवस १४ तास ५५ मिनिटं. टीमला मर्यादा होती ९ दिवसांची.

आता वही काढा. पाच धडे आहेत, एकेक करून बघू.

धडा १: आधी शिल्लक मोजा, मग घाबरा

९ दिवस म्हणजे २१६ तास. ४,८०० भागिले २१६, म्हणजे ताशी साधारण २२ किलोमीटरची सरासरी हवी. रात्र, वाळवंट, घाट, पंक्चर, सगळं धरून. महाजन बंधूंच्या हातात शेवटी ९ तास ५ मिनिटं उरली. एवढ्या मोठ्या प्रवासात शिल्लक फक्त ४ टक्के!

२०१७ मध्ये ही स्पर्धा एकट्याने पूर्ण करणारे पहिले दोन भारतीय म्हणजे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ. त्यांना मर्यादा १२ दिवसांची होती. डॉ. समर्थ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोचले. शिल्लक २ तास ४९ मिनिटं, म्हणजे जेमतेम १ टक्का.

तुमच्या धंद्यात ही शिल्लक किती आहे? समजा, भरे गावात रस्त्यालगत तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. महिन्याचा ठरलेला खर्च असा: भाडं १०,०००, लाइट-इंटरनेट २,०००, मदतनीस १०,०००, कर्जाचा हप्ता ६,००० आणि घरखर्चाला १२,०००. एकूण ४०,०००. दुकान २५ दिवस उघडं. म्हणजे दिवसाला १,६०० रुपये सुटलेच पाहिजेत. २० टक्के मार्जिन धरलं तर रोजची विक्री ८,००० हवी.

आता जुलै येतो. मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. बांधकामं थांबतात, विक्री ३,००० वर येते. मार्जिन सुटलं ६००, खर्च १,६००. दिवसाला १,००० चा खड्डा. असे २० दिवस गेले की महिन्याला २०,००० कमी. जुलै-ऑगस्ट मिळून ४०,०००. हा आकडा मे महिन्यातच बाजूला ठेवला असेल तर जुलै हा फक्त एक घाट आहे. ठेवला नसेल, तर तोच जुलै दुकान बंद करायला लावतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो, बरं का!

धडा २: चरबी आणि साखर यातला फरक ओळखा

आपल्या शरीरात लगेच वापरता येणारी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. साधारण २,००० कॅलरी. चांगल्या वेगाने सायकल चालवली तर तासाला ५००-६०० कॅलरी जातात. म्हणजे काही न खाता तीन-चार तासांत टाकी रिकामी होते. मग अंगात चरबी कितीही असू दे, ती तेवढ्या वेगाने कामाला येत नाही. डोळ्यांपुढे अंधारी, पाय जड. आणि खाऊन भरून काढू म्हटलं तर पोट तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कार्बोहायड्रेटच घेऊ शकतं. म्हणून हे लोक भूक लागायच्या आधीपासून, घड्याळ बघून खातात.

तुमचा ४ लाखांचा स्टॉक ही चरबी. ठेकेदारांकडे अडकलेली दीड लाखाची उधारी हीसुद्धा चरबी. गल्ल्यात आणि खात्यात आज असलेले १५,००० म्हणजे साखर. कागदावर तुम्ही साडेपाच लाखांचे मालक, पण ५ तारखेचा हप्ता १५,००० मधूनच जाणार. फायद्यात असलेली दुकानं बंद पडतात ती इथे.

म्हणून उधारी वसूल करायची ती पैसे संपल्यावर नाही. दर शनिवारी, ठरलेल्या वेळी, चार फोन. भूक लागायच्या आधी.

धडा ३: वाऱ्याशी भांडू नका, गिअर बदला

या मार्गावर कॅन्सासचं पठार आहे. रस्ता सपाट, पण वारा मोकाट. इथलं गणित समजून घ्या. तुम्ही ताशी २० ने जाताय आणि समोरून ताशी २० चा वारा आला, तर अंगाला लागणारी हवा ४० ची होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे दुप्पट नाही, चौपट! तोच वेग धरून ठेवायचा हट्ट केला तर चार तासांची ताकद एका तासात जाईल.

शहाणा सायकलस्वार काय करतो? हलका गिअर टाकतो, अंग खाली घेतो, वेग पडू देतो, पण पाय थांबवत नाही.

पडत्या महिन्यात विक्री जुन्या आकड्यावर खेचण्यासाठी मोठी सूट देणं, उसने पैसे घेऊन जाहिरात करणं, हा तो हट्ट आहे. त्याऐवजी खरेदी कमी करा. सिमेंट-रंग थांबलं असेल तर ताडपत्री, पाइप, प्लंबिंगचं सामान, वायरिंग पुढे आणा. गळती पावसातच लागते! आणि दुकान रोजच्या वेळेला उघडा. आलेलं गिऱ्हाईक बंद शटर बघून गेलं तर ते पुढच्या चौकात स्थिरावतं.

धडा ४: सगळ्यात कमजोर सांधा शोधून ठेवा

या स्पर्धेत 'शर्मर्स नेक' नावाचा प्रकार प्रसिद्ध आहे. मायकेल शर्मर या सायकलस्वाराच्या नावावरून पडलेलं नाव. तासन्‌तास वाकून सायकल चालवल्यावर मानेचे स्नायू जबाब देतात, डोकं वर धरताच येत नाही. पाय ठणठणीत, सायकल ठणठणीत, पण रस्ता दिसत नाही.

तुमच्या दुकानाची मान कुठली? एकच सप्लायर? सगळी उधारी एकाच मोबाइलमध्ये? की तुम्ही स्वतः? महाजन बंधू दोघे होते, एक सायकलवर असताना दुसऱ्याला विश्रांती मिळायची. तुम्ही तीन दिवस तापाने झोपलात तर शटर कोण उघडणार? भाव, उधारीची वही, सप्लायरचे नंबर हे घरातल्या एका माणसाला आजच दाखवून ठेवा.

धडा ५: कायमचे निर्णय चढावर घेऊ नका

कोलोरॅडोमध्ये वूल्फ क्रीक पास हा ३,३०० मीटरच्या वरचा घाट आहे. कळसूबाईच्या दुप्पट उंची. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळजवळ दोन-तृतीयांश. तिथे धाप लागली म्हणून 'माझ्यात दम नाही' असं ठरवणं चूक, कारण दम हवेतच कमी आहे.

पण 'कधीच थांबायचं नाही' असंही मी सांगणार नाही. श्रीनिवास गोकुलनाथ २०१६ मध्ये या स्पर्धेत उतरले होते. तेव्हा ती पूर्ण झाली नाही. २०१७ ला परत गेले आणि पूर्ण केली. थांबणं म्हणजे संपणं नाही. फक्त कुठे थांबायचं ते आधी, शांत डोक्याने लिहून ठेवा. उदाहरणार्थ: 'राखीव ४०,००० संपले आणि दिवाळीच्या महिन्यातही रोजचे ८,००० झाले नाहीत, तर दुकान लहान करेन.' एवढी ओळ लिहिली की जुलैच्या एखाद्या संध्याकाळी, बोहणीही नीट झाली नसताना, तुम्हाला काही ठरवावं लागत नाही. तारीख आलेली नाही, तोवर उद्या शटर उघडायचं.

आणि एक शेवटचं. दुसऱ्यांसाठी मोहीम काढली की ती फक्त आपली राहत नाही. मदतीसाठी आलेला पैसा मोहिमेच्या खर्चात मिसळायचा नसतो. तुमच्याकडेही असा पैसा असतो: गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी, ऑर्डरचा ॲडव्हान्स, मदतनीसाचा पगार. त्यासाठी वेगळं खातं काढा. अडचणीच्या दिवशी हात आधी तिथेच जातो, म्हणून तो पैसा हाताशी ठेवूच नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. महिन्याचा ठरलेला खर्च लिहा, त्यावरून रोजची किमान विक्री काढा.
२. वर्षातले दोन पडते महिने ओळखा, त्यांचा एकूण खड्डा काढा.
३. आजची 'साखर' आणि 'चरबी' वेगवेगळी लिहा.
४. दुकानाची 'मान' कुठली, ते एका ओळीत लिहा.
५. थांबायची अट तारखेसकट लिहून घरच्यांना दाखवा.

पुढच्या व्हिडिओत उधारी वसुलीचा फोन कसा करायचा ते बघू. संबंधही टिकले पाहिजेत आणि पैसेही आले पाहिजेत. तोपर्यंत वही भरून ठेवा. भेटूया!