गोठ्यासाठी जमीन

एखादा एकर जमीन विकत घ्यावी आणि तीवर चार म्हशी पाळाव्यात, असा बेत करणारा मनुष्य सामान्यतः प्रथम जमिनीचा भाव विचारतो, नंतर सडकेपासूनचे अंतर विचारतो आणि मग गोठा कोठे बांधावयाचा याचे चित्र डोळ्यांसमोर आणतो. वस्तुतः गोठ्याला जागा फार थोडी लागते. एका म्हशीस छपराखाली सुमारे ४ चौरस मीटर व मोकळ्या आवारात सुमारे ८ चौरस मीटर जागा पुरते. चार म्हशी, त्यांची पारडी, वैरणीची गंजी आणि उकिरडा हे सारे तीन-चार गुंठ्यांत सहज सामावते. राहिलेले छत्तीस गुंठे जनावरांचे पोट भरू शकतील की नाही, यावर या व्यवहाराचे यश अवलंबून असते. त्याचा हिशेब खरेदीनंतर करणाऱ्याला पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत जनावरे विकून जमीन तेवढी राखावी लागते.

हा हिशेब अवघड नाही. दूध देणाऱ्या मध्यम बांध्याच्या म्हशीला रोज सुमारे २५ किलो हिरवा चारा, ५ ते ६ किलो सुका चारा आणि दुधाच्या प्रमाणात ३-४ किलो आंबोण लागते. म्हणजे वर्षाला एका म्हशीमागे ९ टन हिरवी व सुमारे २ टन सुकी वैरण झाली; चार म्हशींमागे ३६ टन हिरवी आणि ८ टन सुकी. संकरित नेपियर गवताची नीट मशागत केली व पाणी कमी पडू दिले नाही, तर एकरी ६० टन उत्पादन धरावयास हरकत नाही. तीस गुंठ्यांत ४५ टन होतील. त्यातून काही थंडीत कमी येईल, कारण थंडीच्या दिवसांत हे गवत वाढावयाचे जवळजवळ थांबते. तरीही हिरव्या चाऱ्याची बाजू जुळते. उरलेल्या चार-सहा गुंठ्यांत लसूणघास किंवा तत्सम द्विदल चारा केला, तर केवळ गवताने जी प्रथिनांची उणीव राहते तीही काही अंशी भरून निघते.

परंतु या हिशेबात ‘पाणी कमी पडू दिले नाही, तर’ असे एक वाक्य येऊन गेले. त्याकडे पुन्हा वळले पाहिजे. म्हैस उन्हाळ्यात दिवसाला ६०-७० लिटर पाणी पिते. धुण्याचे व गोठा स्वच्छ करण्याचे धरून चार म्हशींस पाच-सहाशे लिटर पुरतात, आणि इतके पाणी जवळजवळ कोणत्याही विहिरीतून मिळते. विकणारा तेवढेच दाखवितो व घेणाराही तेवढ्यावर समाधान मानतो. गवताची तहान मात्र निराळ्या मापाची आहे. तीस गुंठ्यांवर पाच सेंटिमीटर खोलीची एक पाळी द्यावयाची, तर दीड लाख लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी अशी पाळी द्यावी लागते. सरासरीने दिवसाला पंधरा हजार लिटर झाले. ठिबकने यात बरीच बचत होते, तरी जनावर जितके पिते त्याच्या कितीतरी पट पाणी त्याच्या वैरणीला लागते, हे सत्य बदलत नाही. म्हणून विहीर पाहावयाची ती वैशाखात. दिवाळीच्या सुमारास काठोकाठ भरलेली विहीर काहीच सांगत नाही. पंप सलग चालवून पाणी किती वेळात तळाला जाते व पुन्हा किती तासांत वर येते, हे घड्याळ लावून पाहणे हीच विहिरीची खरी परीक्षा होय. दुष्काळी वर्षी आसपासच्या विहिरींची काय अवस्था होते, हे विकणाऱ्यास न विचारता शेजारच्या बांधावरील मनुष्यास विचारावे.

आता सुकी वैरण. आठ टन कडबा या जमिनीत होणार नाही. कोरडवाहू ज्वारीचा कडबा एकरी दीड-दोन टन मिळाला तरी पुष्कळ, म्हणजे त्यासाठी आणखी चार-पाच एकर हवेत. तेव्हा चार म्हशींचा एकर नेहमीच दुसऱ्याच्या शेतांवर उभा असतो. त्या शेतांत काय पिकते हे खरेदीपूर्वी पाहिले पाहिजे. पंजाब-हरियाणात गव्हाचा भुसा मिळतो आणि हिवाळ्यात बरसीम असते. बंगाल, ओडिशा व किनारपट्टीवर भाताचा पेंढा असतो, पण पोषणात तो हलका. महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र जसजसे घटत गेले, तसतसा कडबा दुर्मिळ झाला. उसाच्या पट्ट्यात वाढे मुबलक व स्वस्त मिळते, मात्र त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून दुभत्या जनावरास केवळ वाढ्यावर ठेवणे बरे नव्हे. कापसाच्या मुलखात वैरण दुरून आणावी लागते आणि भाड्याचा बोजा अखेर दुधावर येतो.

पूर्वीच्या पिढ्यांनी हा हिशेब केला नाही, कारण तो गायरानाने केला होता. अल्पभूधारकाची गुरे स्वतःच्या जमिनीवर नव्हे, तर गावाच्या सामाईक रानावर जगत. एन. एस. जोधा यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या, सात राज्यांतील कोरडवाहू खेड्यांच्या अभ्यासात १९५० ते १९८४ या काळात अशा सामाईक जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी खातेजमीन १.०८ हेक्टर होती. जमिनीचे तुकडे झाले आणि सामाईक रानही गेले, अशा दुहेरी कात्रीत आजचा पशुपालक सापडला आहे. ‘शेजारीच गायरान आहे’ हे विकणाऱ्याचे बोलणे म्हणूनच फारसे मनावर घेऊ नये. अतिक्रमित गायरानाचाच तुकडा साध्या कागदावर विकत घेणे तर अत्यंत धोक्याचे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना दिला आहे.

कायद्याची बाजू प्रत्येक राज्यात निराळी आहे. पश्चिम महाराष्ट्रास लागू असलेल्या १९४८ च्या कूळवहिवाट अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या अधिनियमाचे कलम ११८ अशीच अट घालते. कर्नाटकाने मात्र आपली तत्सम बंधने २०२० मध्ये काढून टाकली. आदिवासींच्या जमिनींना बहुतेक राज्यांत स्वतंत्र संरक्षण आहे. ‘मी गुरे पाळतो, म्हणून शेतकरी आहे’ असे समजणाऱ्यास आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. उपर्युक्त १९४८ च्या अधिनियमातील शेतीच्या व्याख्येतून दुग्धव्यवसाय व पशुपैदास यांसारखे जोडधंदे वगळलेले आहेत, आणि प्राप्तिकराच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली असाच भेद केला: जमीन कसणे ही शेती, गुरे पाळणे नव्हे. ज्या देशात नांगर व गोठा एकाच छपराखाली नांदले, तेथे हा भेद चमत्कारिक वाटतो. तथापि कचेरीत तोच चालतो.

कागदांची नावेही प्रांतागणिक बदलतात. महाराष्ट्र व गुजरातेत सातबारा, पंजाब-हरियाणात जमाबंदी, उत्तर प्रदेशात खतौनी, तामिळनाडूत पट्टा-चिट्टा. बिघा तर जिल्ह्याजिल्ह्यांत लहानमोठा होतो, म्हणून क्षेत्र हेक्टरांतच लिहून घ्यावे. फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही. त्यासाठी मागील तीस वर्षांचे नोंदलेले दस्त पाहावेत. महाराष्ट्रात लहान तुकडा घेताना १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे प्रमाणभूत क्षेत्र पाहावे. बहुतेक जिल्ह्यांत ते २०२३ पासून बागायतीस १० व जिरायतीस २० गुंठे आहे.

एक गोष्ट नकाशात आढळत नाही, ती म्हणजे वाट. पीक वर्षातून दोनदा शेताबाहेर पडते, दूध दिवसातून दोनदा. शेजाऱ्याच्या मर्जीवर चालणारी बांधावरची वाट मृगाच्या पहिल्या पावसात चिखलाने किंवा पहिल्या भांडणात काट्यांनी बंद होते, आणि संकलन केंद्रावर उशिरा पोहोचलेले दूध नासून परत येते. वहिवाटीचा हक्क खरेदीखतात चतुःसीमेसह लिहिलेला असावा.

अनुभवी मंडळी घाई करीत नाहीत. मार्गशीर्षात विसार देऊन साठेखत नोंदवितात आणि खरेदीखताची मुदत ज्येष्ठापर्यंत ठेवतात. साठेखताने मालकी मिळत नाही, हे त्यांना ठाऊक असते. परंतु मधल्या सहा महिन्यांत जुने दस्त पाहून होतात, कडब्याचा भाव कळतो आणि विहिरीचा तळ दिसतो.