मनाचा रोजमेळ: शिकता शिकता धंदा करणाऱ्यांसाठी एक धडा

आपल्या चॅनलवर आपण भांडवल, उधारी, स्टॉक यावर बोलतो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण आहे धंद्याचाच. तुमच्यापैकी बरेच जण अजून कॉलेजात आहात. सकाळी लेक्चर, दुपारी कुठेतरी नोकरी नाहीतर घरचं दुकान, आणि रात्री स्वतःचा धंदा सुरू करायचं स्वप्न. या सगळ्याचं ओझं ज्या मनावर पडतं, त्याचा हिशोब कोण ठेवतो?

आधी माझी चूक सांगतो.

माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान कॉलेजच्या रस्त्यावर आहे. दुपारी २ ते ८ एक मुलगा यायचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा. हात इतका स्वच्छ की गल्ला त्याच्यावर सोडून मी निवांत बँकेत जायचो. परीक्षेच्या तोंडावर तो चुकायला लागला. पाठपोट काढायची प्रत एका बाजूनेच काढली, ८० पानं वाया. पाचशेच्या नोटेचे सुट्टे चुकीचे दिले. एका मॅडमवर तर चक्क ओरडला. मी काय केलं? गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं. "लक्ष कुठंय तुझं? जमत नसेल तर सांग."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोनही उचलेना. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीवर गेलो. दुपारी दोनला खोलीत अंधार करून बसला होता. मागच्या सेमिस्टरचे दोन विषय राहिले होते आणि घरी त्याने सांगितलंच नव्हतं. वडील गावभर सांगत होते, पोरगं यंदा ग्रॅज्युएट होणार. तीन आठवडे त्याला धड झोप नव्हती. म्हणाला, "दादा, वाटतं सगळं एकदाचं बंद करून टाकावं."

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पण मी सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का रे मनात?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कधी कधी." तिथूनच आम्ही १४४१६ ला फोन लावला. त्याच्या मामाला बोलावून घेतलं. मामा येईपर्यंत मी तिथून हललो नाही. दुसऱ्या दिवशी तिघं मिळून जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

दोन शब्द, दोन अर्थ

मानसिक आरोग्य म्हणजे डोक्याचं कामकाज: विचार करणं, लक्ष लागणं, निर्णय घेणं, रोजचा ताण पेलून शिकता आणि काम करता येणं. भावनिक आरोग्य हा त्याचाच एक भाग. आत काय चाललंय ते ओळखता येणं, त्याला नाव देता येणं आणि ते योग्य माणसाजवळ, योग्य पद्धतीने बाहेर काढता येणं.

दुकानातलं उदाहरण घ्या. घरी भांडण झालं आणि राग गिऱ्हाइकावर निघाला. राग येणं हा आजार नाही. पण राग कशाचा आहे हेच कळलं नाही, तर तो चुकीच्या खात्यावर पडतो. माझ्याकडचा मुलगा चिडका नव्हता. तो घाबरलेला होता. भीतीची नोंद रागाच्या खात्यात झाली होती, आणि ती वाचायला मीही चुकलो.

घटना, समज, परिणाम

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक सोपी मांडणी केली. मराठीत ती कि. मो. फडके यांनी पोहोचवली. तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. मुद्दा असा की घटनेमुळे थेट त्रास होत नाही, मध्ये आपला समज असतो.

घटना: दोन विषय राहिले.
समज: "मी कामाचाच नाही. आता घरी तोंड दाखवता येणार नाही."
परिणाम: झोप उडाली, चुका वाढल्या, माणसं टाळली.

आता समज तपासा. विषय राहिले हे खरं, वाईटही झालं. पण त्यावरून अख्खा माणूस बिनकामाचा ठरतो का? एक महिना तोट्यात गेला म्हणून आपण दुकानाची पाटी उतरवतो का? नाही. तोटा कुठे झाला ते बघतो. "वाईट झालं, पण पेपर पुन्हा देता येतो" असं म्हटल्यावर दुःख उरतंच, पण हातपाय चालतात. नुसतं "पॉझिटिव्ह राहा" म्हणणं वेगळं. तिथे तोटा लपवतात, इथे तो वहीत लिहितात.

रोज पाच मिनिटांचा रोजमेळ

रात्री गल्ला मोजता ना, तशीच एक छोटी वही ठेवा. चार नोंदी पुरेत.

१. झोप किती झाली? अठरा वर्षांवरच्या माणसाला किमान ७ तास लागतात. "मी चार तासांत भागवतो" हे कौतुकाचं वाक्य नाही, ती उधारी आहे.
२. आज कोणती भावना जास्त होती? एकच शब्द लिहा. भीती, लाज, राग, कंटाळा, आनंद.
३. ती कशावरून आली आणि त्या वेळी मी स्वतःला काय म्हणालो?
४. आज कोणाशी मनातलं बोललो? सलग आठवडाभर इथे "कोणाशीच नाही" आलं तर थांबा आणि एका माणसाला फोन करा.

वही कधी पुरत नाही

परीक्षेआधी धडधडणं, पहिल्या ऑर्डरच्या आधी झोप न लागणं, हे साधं आहे. काम झालं की उतरतं. पण दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. आणि जगू नये असा विचार आला, तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी, त्याच क्षणी मदत घ्यायची.

टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. "लोकांना कळलं तर?" ही भीती मला रोज ऐकू येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

उद्या तुम्ही मालक व्हाल तेव्हा

तुमच्या काउंटरलाही एखादा शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल. चांगला माणूस अचानक चुकायला लागला, तर आधी बाजूला घेऊन विचारा, "सगळं ठीक ना?" गिऱ्हाइकासमोर बोलू नका. परीक्षेच्या महिन्यात तास कमी करून द्या. आणि शंका आलीच तर जीव देण्याच्या विचाराबद्दल सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. मग त्याला एकटं सोडू नका. उपदेश करायची गरज नाही, आपण डॉक्टर नाही. ऐकायचं आणि योग्य जागी पोहोचवायचं, एवढंच आपलं काम.

तो मुलगा आता पुन्हा काउंटरला आहे. औषध आणि समुपदेशन दोन्ही चालू होतं, तेव्हा आठवड्यातून एक दुपार सुट्टी ठरलेली होती. घरी त्याने स्वतःच सांगितलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आले. एक विषय सुटलाय, एक बाकी आहे. त्या ८० पानांची रद्दी मी अजून टाकलेली नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर आमची कच्ची बिलं होतात.

आजचा गृहपाठ: आज रात्री वहीत पहिली नोंद करा. आणि १४४१६ हा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. स्वतःसाठी नाही लागला, तर शेजारच्या खुर्चीवरच्या कोणासाठी तरी लागेल. पुढच्या धड्यात भेटू.