चिंधी घेऊन कात्री आणायला जा

आत्यानं मला शिवण शिकवलं, तेव्हा मशीनला हात लावू देण्याआधी एकच सांगितलं होतं, "टाका चुकला तर उसवता येतो. कापड चुकीचं कापलं की गेलंच. आधी कात्री ओळख." आज तेच मी तुम्हाला सांगते आहे, पोरींनो.

कात्री घ्यायला जाताना पर्समध्ये तीन चिंध्या टाका. एक मलमलीची, एक मांजरपाटाची आणि एक जॉर्जेटची. दुकानदार कागद कापून दाखवतो, पण कागद कुठलीही कात्री कापते. तुम्ही मलमल पुढे करा. पाती पूर्ण उघडा आणि खिळ्यापासून टोकापर्यंत एका दमात मिटा. नजर शेवटच्या अर्ध्या इंचावर ठेवा. कापड तिथंही स्वच्छ सुटलं, तर धार खरी. टोकाशी येऊन ते पात्यांत दुमडलं, चघळल्यासारखं झालं, तर कात्री कितीही चकचकीत असो, परत द्या. मग मांजरपाटाची चौपदरी घडी आणि जॉर्जेटची चिंधीही कापून बघा. शेवटी खिळा बघा. ठोकून बसवलेला नको, आवळता येणारा स्क्रू हवा. पाती सैल झाली की तोच उपयोगी पडतो.

कापड बेतायला आठ ते दहा इंची कात्री लागते. हात लहान असेल तर आठ पुरे. तिची मूठ वर वाकलेली असावी. त्यामुळे खालचं पातं टेबलाला टेकून चालतं आणि कापड उचललं जात नाही. सरळ मुठीच्या कात्रीनं कापड वर उचललं जातं, खालचा पदर सरकतो आणि दोन बाह्या दोन मापांच्या निघतात. जॉर्जेट, शिफॉन फार शिवत असाल, तर पात्याला बारीक दाते असलेली कात्री घ्या. ती निसरडं कापड धरून ठेवते. डावखुरीनं डाव्या हाताची कात्रीच मागावी. तिची पाती उलटी बसवलेली असतात, त्यामुळे खडूची रेघ दिसत राहते.

भरतकामाला साधारण चार इंची, सुईसारख्या टोकाची कात्री हवी. दोरा कापडाच्या अगदी लगत कापता आला पाहिजे, पण विणीला टोक लागता कामा नये. कापडावर कापड लावून वरचं कातरायचं असेल, तर एका पात्याला बदकाच्या चोचीसारखा रुंद चपटा भाग असलेली कात्री मिळते. चोच खालचं कापड दाबून ठेवते, ते कापलं जात नाही. जरीचा दोरा मात्र चांगल्या कात्रीनं कधी कापू नका. जरीतली तार टोक खाते. त्यासाठी एक जुनी कात्री वेगळी ठेवा.

गोधडीचं गणित वेगळं. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक बसले, धावदोरा पूर्ण झाला की कडा सारख्या करायच्या असतात. तिथं जड कात्री घ्या आणि जाड कड टोकात न धरता खिळ्याजवळ धरा. जोर तिथंच असतो. टोकानं कापाल तर पाती फाकतील आणि मनगट दुखेल.

झिगझॅग कात्रीची घाई करू नका. सुती कापडाच्या कडेच्या दशा ती कमी करते, पण पार थांबवत नाही.

आता जपणुकीचं. कात्री रिकामी वाजवली की घरात भांडणं होतात, असं आपल्याकडे म्हणतात. आत्या म्हणायची, भांडण होवो न होवो, धार जाते. कापडाच्या कात्रीनं कागद कापू नका, टाचणीवरून ती फिरवू नका. माझ्या एका चांगल्या कात्रीनं घरात कुणीतरी शाळेच्या प्रकल्पाचा पुठ्ठा कापला. दुसऱ्या दिवशी खणाच्या चोळीची कड फाटल्यासारखी निघाली. तेव्हापासून कापडाच्या कात्रीच्या मुठीला मी लाल चिंधी बांधते. काम झालं की पात्यांतली तुसं पुसा आणि महिन्यातून एकदा खिळ्यावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडा. धारवाल्याकडे द्याल तेव्हा समोर उभं राहा. बाहेरची तिरकी धारच घासायची, आतली बाजू नाही. ती घासली की पाती एकमेकांना नीट भिडत नाहीत.

मेरठच्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आजोबांनी घ्यावी आणि नातवानं वापरावी, अशी तिथली म्हण आहे. ती खरी ठरते, कारण तिथल्या कात्रीला पुन्हा पुन्हा धार लावता येते.

नव्यानं शिकणारीनं एक बेतायची आणि एक भरतकामाची, अशा दोनच कात्र्या घ्याव्यात, पण पारखून घ्याव्यात. बाकीच्या काम वाढेल तशा येतील. आत्याची आठ इंची कात्री आजही माझ्याकडे आहे. ती मलमल अजून टोकापर्यंत कापते.