यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय? आता घरी हे क्रमाने करा

ऑपरेशन पार पडलं, टाके निघाले, तुमचा माणूस बोईसरला घरी आला. आता पहिली दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. हा आजार उलटला तर बहुतेकदा याच काळात उलटतो, आणि लवकर सापडला तर त्यावर पुन्हा उपचार करता येतात. चला, सगळे कागद टेबलावर काढा.

हाताशी ठेवा: डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजी रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी, जाड फाइल, कॅलेंडर, वजनकाटा.

१. कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. मूळ प्रत कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

२. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये चार गोष्टींखाली रेघ मारा: गाठीचा आकार, गाठींची संख्या, कापलेली कड मोकळी आहे का, रक्तवाहिनीत शिरकाव आहे का. पुढचा धोका बराचसा यांवरून कळतो. मात्र ‘किती वर्षं’ हा हिशेब घरी मांडू नका, डॉक्टरांनाच विचारा.

३. उरलेल्या यकृताचा तक्ता करा: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), प्लेटलेट आणि सोबत एएफपी (कॅन्सरवर नजर ठेवणारी रक्ततपासणी). शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या, नाहीतर आकड्यांची तुलना फसते.

४. हिपॅटायटिस बी आणि सीचा रिपोर्ट शोधा. नसेल तर तपासणी लिहून घ्या. ‘बी’ची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. विषाणू उसळला तर यकृत अचानक बिघडतं.

५. रिपोर्ट ‘बी’चा निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना लागण नाही त्यांना लस द्या. तिचे सगळे डोस पूर्ण करा.

६. कॅलेंडरवर फॉलोअपच्या तारखा लाल पेनाने लिहा. सुरुवातीची दोन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी असतं. नेमकी तारीख डॉक्टर देतील. ‘बरं वाटतंय’ म्हणून ती टाळू नका, कारण नवी गाठ सुरुवातीला दुखत नाही.

७. सीटी स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनची (किडनीची) तपासणी करून घ्या. तो रिपोर्ट नसेल तर स्कॅन लांबू शकतो.

८. आदल्या रात्री पिशवी भरा: फाइल, जुन्या सीडी, आधार, रेशनकार्ड, चालू गोळ्या. जुनी सीडी विसरलात तर नव्या स्कॅनची तुलना कशाशी करणार?

९. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल तर डहाणूहून चर्चगेटला जाणारी पहाटेची लोकल धरा, दादरला उतरा आणि पुढे टॅक्सी करा. आपल्याकडे गाड्या मोजक्या आहेत, म्हणून स्टेशनवर आधीच पोहोचा.

१०. दारू पूर्ण बंद करा. ताडी आणि मोहाचीही त्यातच आली. सणाला ‘एक घोट’ही नको.

११. काढे, जडीबुटी आणि दुकानातून आणलेल्या पेनकिलर घरातून काढून टाका. पॅरासिटामॉलही डॉक्टर सांगतील तेवढीच.

१२. ताटात रोज अंडं, ताजे मासे किंवा डाळ वाढा. बुरशी लागलेले शेंगदाणे फेकून द्या. पायाला सूज किंवा पोटात पाणी असेल तर सुके बोंबील, पापड आणि लोणचं बंद.

१३. दर रविवारी सकाळी वजन लिहा. वजन भराभर वाढलं आणि पोट फुगलं तर ते अंगावर भरलेलं मांस नव्हे, पाणी असू शकतं. लगेच डॉक्टरांना कळवा.

१४. ही लक्षणं फ्रिजवर चिकटवा: डोळे पिवळे, काळी शौच, रक्ताची उलटी, ताप, बरळणं किंवा सतत गुंगी. रक्ताची उलटी, काळी शौच किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.

गाठ किती मोठी होती, हे आता बदलता येणार नाही. गोळी, पथ्य आणि तारीख मात्र तुमच्या हातात आहे. आजच कॅलेंडर काढा आणि पहिली तारीख लिहा.