भात सुटला, तूप वाढले

टाइप दोन मधुमेहात भात, चपाती आणि गोड कमी केले की रक्तातील साखर उतरते, हे खरेच आहे. परंतु साखर उतरली म्हणजे कोलेस्टेरॉलही आटोक्यात आले, हा कासारवाडीच्या परिसरातील रुग्णांत रुजलेला समज घातक आहे. पिष्टमय पदार्थ घटल्यावर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी, बहुधा कमी होते. मात्र धमन्यांच्या भिंतींत साचणारे एलडीएल कोलेस्टेरॉल भाताच्या जागी ताटात काय आले यावर अवलंबून असते आणि तेथे तूप, लोणी, साय आली तर ते अनेकांत वाढते.

कासारवाडीहून चाकणला रात्रपाळीस जाणाऱ्या एका कामगाराने मोबाइलवरील व्हिडिओ पाहून भाकरी सोडली, कंपनीची बस पकडण्यापूर्वी दोन चमचे तूप घातलेली कॉफी सुरू केली आणि साखर सुधारताच स्टॅटिन, म्हणजे यकृतातील कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारी गोळी, परस्पर बंद केली. पुढच्या तपासणीत त्याचे एलडीएल पूर्वीपेक्षा बरेच वर गेले होते. त्याची चिकाटी कौतुकास्पदच होती, पण लिपिड अहवाल न पाहता सर्वांना एकच उपाय सांगणाऱ्यांनी ती वाया घालवली.

सडपातळ माणसानेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली: उंचीच्या प्रमाणातील वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के.

कमी पिष्टाचा आहार सोडण्याचे कारण नाही. मोडाची मटकी, पालेभाजी, अंडे, मासे, मूठभर शेंगदाणे आणि बेताचे तेल यांवर तो उत्तम चालतो. मात्र साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी अचानक तोडल्यास साखर एकदम उतरून घाम व थरथर सुटते, तर डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत साखर जवळपास ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साचून मळमळ, पोटदुखी आणि धाप लागू शकते; म्हणून औषधांची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी व दोन-तीन महिन्यांनी लिपिड तपासणी करावी. धमन्यांत साचलेल्या एलडीएलचा खरा धोका हृदयविकाराच्या झटक्याचा आणि मधुमेहात मज्जातंतू बधिर झाल्याने तो छातीत न दुखताही येऊ शकतो. तेव्हा अकारण धाप, थंड घाम किंवा जबड्यात वा पोटाच्या वरच्या भागात दाब जाणवल्यास ‘गॅस’ म्हणून सोडा पीत पाळी संपण्याची वाट पाहू नये, तत्काळ रुग्णालय गाठून ईसीजी काढावा.