नाल कोणाच्या खिशात?

कासारसाई धरणाजवळ आमचं छोटं फार्महाऊस आहे. शनिवार-रविवारी हिंजवडीची आयटीतली मुलं ते भाड्याने घेतात. एकदा एका ग्रुपने विचारलं, "काका, रात्री पोकर खेळायचंय. भाडं तर देऊच, वर प्रत्येक डावातून थोडा रेक तुमचा." होकार द्यायच्या आधी ओळखीच्या वकिलांकडे गेलो. तिथे शिकलो ते असं.

१. पत्त्यांपेक्षा नाल महागात पडते. मुलं ज्याला रेक म्हणतात, त्याला आमच्या पिढीत नाल म्हणायचे. आपल्याकडे अजून १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. जिथे जागामालकाच्या फायद्यासाठी जुगाराची साधनं ठेवली किंवा वापरली जातात, ती जागा या कायद्याच्या लेखी अड्डा. जागेचं भाडंही फायद्यातच मोजतात. म्हणजे डाव कोणीही जिंको, मी अडकणारच.

२. डाव चालू असताना पकडायलाच हवं असं नाही. या कायद्याखालच्या रीतसर झडतीत जुगाराचं साहित्य सापडलं, तर जागा अड्डाच होती असं धरून चालतात. तसं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी आपली.

३. "हा डोक्याचा खेळ आहे" एवढ्यावर विसंबू नये. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कायद्यात सूट आहे खरी. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तीन पत्तीला नशिबाचा. पण त्याच निकालात बजावलं की, क्लबवाला खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. पोकरवर तर न्यायालयांचंच एकमत नाही: २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला जुगार ठरवलं, २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कौशल्य.

४. गोव्याचा दाखला इथे चालत नाही. "मांडवीत बोटींवर चालतं की!" असं मुलं म्हणाली. चालतं, कारण जुगार हा राज्यांचा विषय आणि गोव्याने आपल्या १९७६च्या कायद्यात बदल करून वाट काढली. महाराष्ट्रानेही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करायचं ठरलं.

५. मोबाइलवर नाल दिसत नाही, एवढंच. माझ्या पुतण्याचा दिवाळीचा बोनस फोनवरच्या पोकरमध्ये गेला. प्रत्येक डावातून ॲप आपला वाटा कापत होतं, हे त्याला नंतर कळलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवलेला नाही. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. पुतण्या म्हणाला, "मग मला कसली भीती?" म्हटलं, "तुझी शिक्षा तू आधीच भोगून बसलायस."

६. नाही म्हणताना पर्याय द्यावा. मुलांना सांगितलं, पत्ते खुशाल खेळा, पैसा बाहेर काढायचा नाही. चिप्स म्हणून घरचे भाजलेले शेंगदाणे दिले. पहाटे चहा घेऊन गेलो, तर जिंकणाऱ्यासमोर नुसती फोलपटं उरली होती. सगळी जमापुंजी हरणाऱ्यांनीच खाल्ली होती.